बॉनेटवरची बुजवलेली भोकं: १९६१ ची जॅग्वार ई-टाईप, पहिल्या पाचशे गाड्या आणि एक तपास

उलटा_पाना

मंडळी, नमस्कार.

इथे जुन्या गाड्यांवर अधूनमधून धागे निघतात, त्यात बहुतेक वेळा रॅलीचे फोटो असतात. हा धागा थोडा वेगळा आहे. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेल्या गाड्यांमध्येसुद्धा बारीक फरक असतात. ते कसे शोधायचे आणि त्यांवरून एखाद्या गाडीचं आयुष्य कसं वाचायचं, यावर लिहायचं आहे. मी इंग्लंडात मिडलंड्समध्ये जुन्या गाड्यांच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. सध्या आमच्याकडे कॅलिफोर्नियाहून परत आलेली एक जॅग्वार ई-टाईप उभी आहे. तिने मला पार गुंतवून टाकलं आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ई-टाईप पहिल्यांदा लोकांसमोर आली. कंपनी सर विल्यम लायन्स यांची, आकार माल्कम सेयर यांचा. सेयर मूळचे विमान कंपनीतले. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन, तीन एसयू कार्ब्युरेटर, कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा आणि ताशी १५० मैलांचा. कंपनीचे जनसंपर्क अधिकारी बॉब बेरी यांनी ९६०० एचपी या नंबरची बंद टपाची कूपे कॉव्हेंट्रीहून चालवत नेली होती. लोकांची अशी झुंबड उडाली की दुसरी गाडी हवी म्हणून निरोप गेला, आणि कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस रात्रभर गाडी हाणत ७७ आरडब्ल्यू ही उघडी रोडस्टर घेऊन सकाळी तिथे हजर झाले.

ही गोष्ट सगळे सांगतात. पण या दोन गाड्यांच्या बॉनेटला बाहेरून कुलूप होतं, हे फार कमी जण बघतात.

ई-टाईपचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाक. मडगार्ड, हेडलाइट सगळ्यासकट ते पुढच्या बाजूला उलटतं. सुरुवातीच्या गाड्यांत ते बंद ठेवायला दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकाच्या मागे, एकेक कुलूप होतं आणि ते टी आकाराच्या वेगळ्या किल्लीने बाहेरून उघडावं लागे. कारखान्याने १९६१ मध्येच ही व्यवस्था बदलली आणि आत बसून ओढायचे दांडे दिले. चासी नंबरांच्या चार मालिका होत्या. उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टर ८५०००१ पासून, उजव्या स्टिअरिंगच्या कूपे ८६०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगच्या रोडस्टर ८७५००१ पासून आणि डाव्या स्टिअरिंगच्या कूपे ८८५००१ पासून. बाहेरची कुलपं पहिल्या मालिकेत ८५००९१ पर्यंत, दुसरीत ८६०००४ पर्यंत, तिसरीत ८७५३८५ पर्यंत आणि चौथीत ८८५०२० पर्यंत. बेरीज करा: ९१, ४, ३८५, २०. बरोबर पाचशे.

हे पाचशे आज सगळ्यात मोलाचे धरले जातात. त्यांच्याखालोखाल मान सपाट तळाच्या गाड्यांना. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पायाखालचा पत्रा सरळ होता. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, म्हणून मग टाचांसाठी तळ खोलगट केला. बॉनेटवरच्या गरम हवेच्या खाचासुद्धा आधी वेगळ्या पट्टीत पाडून ती पट्टी बॉनेटला वेल्ड करत. नंतर त्या थेट बॉनेटच्याच पत्र्यात दाबून काढू लागले. हात आतून फिरवला की पट्टीची कड बोटाला लागते.

आता आमची गाडी. डाव्या स्टिअरिंगची रोडस्टर, नंबर ८७५३८६ च्या थोडा पुढचा, म्हणजे पाचशेत नाही. आत ओढायचे दांडे आहेत, त्यांचे ब्रॅकेट कारखान्याचे दिसतात. तळ सपाट आहे, खाचांची पट्टी वेल्ड केलेली आहे. इथपर्यंत सगळं नंबराला धरून. पण लाल रंग काढायला घेतला तेव्हा बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, बरोबर जिथे बाहेरची कुलपं असायची तिथे, एकेक बुजवलेलं भोक निघालं.

दोन शक्यता दिसतात. एक, कारखान्यात जुनी बॉनेटं शिल्लक होती आणि त्यांनीच भोकं बुजवून ती पुढच्या गाड्यांना लावली. दोन, हे बॉनेट दुसऱ्याच गाडीचं आहे. काम थांबवलं आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

चाकणची_लाईन

मस्त धागा. मी जुन्या गाड्यांतला नाही, पण चाकणला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये उभं आयुष्य गेलं, म्हणून पहिल्या शक्यतेबद्दल लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की ड्रॉइंग बदललं, की दुसऱ्या दिवसापासून नवा पार्ट. तसं नसतं. सुरक्षेचा प्रश्न नसेल तर साधारण आदेश हाच असतो की आहे तो माल संपवा, मग नवा लावा. त्यात नवा माल आला की तो जुन्याच्या पुढ्यात रचला जातो. मागचे चार पार्ट तसेच राहतात आणि कधीतरी स्टॉक मोजताना सापडले की लाईनवर येतात. रंगात खोट निघालेली बॉडी बाजूला काढतात, ती दुरुस्त होऊन येईपर्यंत तिच्या मागच्या नंबरच्या गाड्या पुढे निघून गेलेल्या असतात. निर्यातीची ऑर्डर आली की एखादा रंग किंवा एखादं स्टिअरिंग आधी ओढून घेतात. नंबर पडतो एका टप्प्यावर आणि गाडी तयार होते दुसऱ्याच दिवशी.

त्यामुळे 'अमुक नंबरपासून बदल' ही ओळ वाचताना तिच्या दोन्ही बाजूंना थोडी धूसर जागा धरायची. तुमची गाडी त्या धूसर जागेत बसते. पहिली शक्यता इतक्या लवकर सोडू नका.

---

उलटा_पाना

अगदी पटलं. जॅग्वारचं स्वतःचं साहित्य हेच सांगतं. ३.८ च्या गाडीसाठी जे.३० नावाचं सुट्या भागांचं कॅटलॉग आहे, त्यात एकाच पार्टच्या दोन-तीन ओळी सापडतात: या चासी नंबरपर्यंत हा, पुढे तो. शिवाय डीलरांना जाणारी सर्व्हिस बुलेटिनं. पण ही दोन्ही कागदपत्रं मेकॅनिकला योग्य पार्ट मागवता यावा म्हणून लिहिलेली होती, साठ वर्षांनी गाडीची ओळख पटवण्यासाठी नव्हे. आज लोक त्या आकड्यांना कायद्याच्या कलमासारखं वापरतात आणि नंबरात न बसणारा खरा पार्ट काढून खोटा 'बरोबर' पार्ट लावतात. याचा मला मनापासून त्रास होतो. एकदा फेकलेला पार्ट परत येत नाही.

---

निव्वळ_वाचक

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. पाचशेतली असली काय आणि पाचशे एकावी असली काय, गाडी तीच, इंजिन तेच. एवढा फरक का पडतो? फक्त किमतीसाठी?

---

उलटा_पाना

प्रश्न बाळबोध नाही, मुद्द्याचाच आहे.

किंमत हे एक कारण आहेच, आणि किमतीमुळेच खोटेपणा होतो. सपाट तळाचे पत्रे आज नवे मिळतात, बाहेरच्या कुलपांची बॉनेटंही नवी बनवून मिळतात. १९६३ ची गाडी १९६१ ची भासवता येते. म्हणून आधी माहीत हवं की १९६१ ची खरी गाडी आतून कशी असते.

पण माझ्यासाठी मोठं कारण दुसरं आहे. कारखाना काय विचार करत होता हे या फरकांतून दिसतं. मार्चमध्ये गाडी दाखवली, ऑर्डरींचा ढीग पडला आणि ब्राउन्स लेनच्या (जॅग्वारच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्याच्या) माणसांना ती गाडी रोज थोडी थोडी सुधारत बनवावी लागली. ग्राहक म्हणाला किल्ली हरवते, दांडा आत आला. ग्राहक म्हणाला गुडघे अडकतात, तळ खाली गेला. हँडब्रेक आपोआप ताणून घेणारा झाला, सीट मागे सरकावी म्हणून मागच्या पत्र्यात खोबण आली. आज आपण ज्याला दुर्मिळ वैशिष्ट्य म्हणतो ती बऱ्याचदा एक अडचण होती आणि कुणीतरी ती सोडवली. सोडवणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. त्याचं काम मात्र पत्र्यात आहे, ते नीट वाचायला हवं.

---

आप्पा_दादरकर

बाळा, चांगलं काम करतोयस. पण आमच्या मुंबईत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी आयातबंदीचे दिवस काढले आहेत. पार्ट मिळतच नसत. मिळेल ते लावून, लेथवर बनवून, गाडी रस्त्यावर ठेवली. तुमच्या हिशोबाने आमच्या सगळ्या गाड्या खोट्या ठरायच्या. गाडी चालती राहिली हे महत्त्वाचं नाही का? भोकं कुणी बुजवली यावर काम थांबवून बसणं मला जरा जास्तच वाटतं.

---

उलटा_पाना

आप्पा, तुमच्या पिढीने गाड्या चालत्या ठेवल्या नसत्या तर आज आमच्यासमोर वाचायला काही उरलंच नसतं. लेथवर बनवलेला पार्ट माझ्या लेखी खोटा नाही. तो त्या गाडीच्या मुंबईतल्या आयुष्याचा पुरावा आहे, तो जपायलाच हवा. खोटं ते, जे मुद्दाम दुसऱ्या काळाचं सोंग घेतं.

आणि हा विषय आता आपल्याकडेही कागदावर आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. 'मूळ स्वरूप' म्हणजे काय हे ठरवायला कुणाकडे तरी आधार लागणार. तो आधार अशा नोंदींतूनच उभा राहील.

काम थांबवलं ते एवढ्याचसाठी की पॉलिश पेपर एकदा फिरला की रंगाचे थर गेले.

---

बे_एरियातला_बंड्या

माझ्याकडे १९६८ ची ४.२ रोडस्टर आहे, त्यामुळे या चर्चेत उडी मारणं भाग आहे.

तुमचा बदल निदान एका नंबरावर दाखवता येतो. आमच्याकडे गोंधळ मोठा. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आलं, पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर अडखळू नये म्हणूनची यंत्रणा) मिळाला, डायनॅमो जाऊन आल्टरनेटर आला. इथपर्यंत सरळ आहे. पण १९६७ मध्ये हेडलाइटवरच्या काचा गेल्या, तेव्हा आत मात्र तीन एसयू कार्ब्युरेटर आणि डॅशबोर्डवर जुने खटके तसेच होते. मग जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमांसाठी खटक्यांच्या जागी दाबायची चपटी बटणं आणि तीन एसयूंच्या जागी दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. इथले शौकीन पहिल्या प्रकाराला सव्वा आणि दुसऱ्याला दीड सिरीज म्हणतात. कारखान्याने ही नावं कधीच दिली नव्हती. ऑक्टोबर १९६८ मध्ये सिरीज दोन आली एवढंच कंपनी म्हणते.

उलटा_पाना, एक सुचवतो. बॉनेट कुणाचं हे ठरवायच्या आधी बाकीची गाडी किती एकसंध आहे ते बघा. ल्युकस कंपनीच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर, वायपरच्या मोटरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ट्रिप्लेक्स कंपनीच्या काचेवर छापाच्या अक्षरांजवळ बारीक ठिपके असतात, त्यांवरून काच कधीची ते कळतं. हे सगळे पार्ट गाडीच्या तारखेच्या थोडे आधीचे असायला हवेत. एखादा पार्ट गाडीनंतरचा निघाला तर तो नक्की बदललेला. उलट फार आधीचा निघाला तर चाकणवाल्यांची मागे राहिलेली रचाई आठवा.

---

रानजाई

मी पुण्यात एका संग्रहालयात जुनी कागदपत्रं आणि वस्तू जतन करते. गाड्यांतलं काही कळत नाही, पण रंगाचे थर हा माझा रोजचा विषय.

दोन प्रश्न. गाडीचा मूळ रंग कुठल्या कागदावर मिळतो? आणि तो कागद तेव्हाचा आहे की नंतर बनवलेला?

आणि एक विनंती. भोकाजवळ घासू नका. धारदार पात्याने बोटाच्या नखाएवढी उतरती खिडकी पाडा, म्हणजे एकेक थर पायरीसारखा उघडा होईल. उजेड एका बाजूने तिरपा टाका आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. तसंच गाडीच्या अशा जागी करा जिथे कुणी पुन्हा रंग मारला नसेल, म्हणजे डॅशबोर्डच्या मागे वगैरे. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून वाचा.

---

उलटा_पाना

रानजाई, अगदी हवा तो प्रतिसाद. आभार.

जॅग्वारच्या कारखान्याच्या मूळ नोंदवह्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे जपलेल्या आहेत. (कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे, हे आपल्या लोकांना सांगायला नको.) चासी नंबर कळवला की त्या नोंदींवरून ते प्रमाणपत्र देतात. म्हणजे कागद आजचा, मजकूर तेव्हाचा. त्यात चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, बाहेरचा रंग, आतल्या कातड्याचा रंग, गाडी बनल्याची तारीख, कारखान्यातून निघाल्याची तारीख आणि ती कुणाकडे पाठवली ते असतं. बनल्याची आणि निघाल्याची तारीख वेगळी असते हे फार कामाचं. कुठलं बॉनेट लावलं, तळ कसा होता, यातलं मात्र काही नसतं. ते गाडीलाच विचारायचं.

आमच्या गाडीचा मूळ रंग प्रमाणपत्रात ओपलेसंट डार्क ब्लू आहे. इंजिनाचा नंबर प्रमाणपत्राशी जुळला. तो ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर आणि हेडच्या पुढच्या बाजूला असा दोन ठिकाणी असतो, दोन्हीकडे एकच आहे. बंड्या, ल्युकसच्या तारखाही १९६१ च्या मधल्या महिन्यांच्या आहेत, फक्त स्टार्टर नंतरचा आहे. स्टार्टर बदलतातच.

खिडक्या उद्या पाडतो.

---

केदार_एअरकूल्ड

विषय जॅग्वारचा आहे, पण पॉर्शचं एक उदाहरण इथे चपखल बसतं म्हणून टाकतो. ९११ चं नाव सुरुवातीला ९०१ होतं. मधला शून्य असलेल्या नावांवर फ्रान्समध्ये पेजोचा हक्क होता म्हणून नाव बदललं, तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या बनल्या होत्या. त्यातली ३०० ०५७ या चासी नंबरची गाडी २०१४ मध्ये जर्मनीत एका गोठ्यासारख्या शेडमध्ये गंजलेल्या अवस्थेत सापडली. पॉर्शच्या संग्रहालयाने ती १,०७,००० युरोंना घेतली, तीन वर्षं काम करून २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिची पुढची मडगार्डंच नव्हती. त्यांनी नवी न बनवता त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीतून पत्रे कापून घेतले. संग्रहालयाच्या दर्जाच्या कामातही दुसऱ्या गाडीचा पत्रा येतो. फक्त ते त्यांनी सांगितलं.

---

उलटा_पाना

खिडक्या पाडल्या. निकाल सविस्तर लिहितो, कारण मजा तपशिलात आहे.

डॅशबोर्डच्या मागे, जिथे नंतर कधी फवारा पोचला नसेल तिथे: पत्रा, करडा प्रायमर, गडद निळा. बस. दाराच्या कडेला: तेच, आणि वर लाल. म्हणजे गाडी निळी जन्मली आणि एकदाच लाल झाली. सत्तरच्या दशकातला एक फोटो जुन्या मालकाच्या कागदांत आहे, त्यात ती लाल आहे.

बॉनेटवर, भोकापासून वीतभर दूर: पत्रा, करडा प्रायमर, क्रीम. मग एक वेगळा, किंचित तांबूस प्रायमर. मग निळा. मग लाल.

भोकावर मात्र क्रीम नाही. तिथे पत्र्याचा गोल तुकडा गॅस वेल्डिंगने बसवला आहे, वरून शिसं ओतून कानशीने सपाट केलं आहे आणि त्यावर थेट तांबूस प्रायमर आणि निळा. म्हणजे बॉनेट क्रीम होतं तेव्हा भोकं उघडी होती, आणि निळं करतानाच ती बुजवली. दोन्ही एकाच वेळचं काम.

---

चाकणची_लाईन

थांबा. हे माझ्या शक्यतेलाही जमतं. कारखान्यात क्रीम रंगवलेलं एक जुनं बॉनेट पडून होतं, निळ्या गाडीसाठी ते काढलं, भोकं बुजवली, निळं केलं. कुठे अडतंय?

---

उलटा_पाना

इथपर्यंत मीही थांबलो होतो. पण मग नाकाची खिडकी पाडली, हवा आत घ्यायच्या तोंडाच्या खालच्या कडेला. तिथे निळ्याच्या खाली क्रीमवर बारीक बारीक खळगे आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे, काही थेट पत्र्यापर्यंत गेलेले. त्यातल्या दोन-तीन खळग्यांच्या तळाशी तपकिरी गंज आहे आणि त्या गंजावरच तांबूस प्रायमर बसला आहे. रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेल्या खडीचे मार आहेत हे. क्रीम बॉनेट निळं होण्याआधी बरेच दिवस रस्त्यावर पळलेलं होतं. कारखान्याच्या कोपऱ्यात पडून असलेल्या बॉनेटला खडी लागत नाही.

शिवाय बॉनेटवरचा निळा आणि गाडीवरचा निळा शेजारी ठेवले तर बॉनेटवरच्या रंगातले चमकीचे कण जास्त भरड आहेत. नंतर जुळवून बनवलेला रंग.

तर माझ्या मते असं झालं: गाडीला पुढून मार बसला, तोही ती निळी असतानाच, म्हणजे लाल होण्याआधी. बॉनेट गेलं. कुणीतरी दुसऱ्या, बाहेरच्या कुलपांच्या क्रीम गाडीचं बॉनेट आणलं, आतल्या दांड्यांना जुळवून घेतलं, भोकं बुजवली आणि निळं करून लावलं. काम उत्तम केलं आहे. शिशाचं असं सफाईचं काम आज करणारे हात फार थोडे उरले आहेत.

---

चाकणची_लाईन

खडीच्या खळग्यांपुढे माझं काही चालत नाही. मान्य.

पण मग पुढचा प्रश्न. बॉनेट जाण्याइतका मार बसला तर मागचा सांगाडा शाबूत कसा? आणि चासी नंबर कुठे ठोकलेला असतो?

---

उलटा_पाना

अचूक जागी बोट ठेवलंत. ई-टाईपमध्ये माणसं बसतात तो भाग म्हणजे पत्र्याची एकसंध पेटी, आणि तिच्या पुढे इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा बोल्टांनी जोडलेला. नळ्या रेनॉल्ड्स ५४१ पोलादाच्या, जोड ब्रेझिंगचे, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून केलेले. चासी नंबर ठोकलेला असतो तो या पुढच्या सांगाड्यावर, म्हणजे नेमका अपघातात बदलावा लागणाऱ्या भागावर. नवा सांगाडा लावून त्यावर जुना नंबर ठोकणं ही तेव्हा साधी दुरुस्ती होती आणि आज तोच संशयाचा विषय होतो. म्हणून ई-टाईपच्या बाबतीत एका नंबरावर विसंबू नये. प्लेट, सांगाडा, बॉडीच्या नंबरची छोटी पट्टी, इंजिन, गिअरबॉक्स, सगळं मिळून काय सांगतं ते बघायचं.

सांगाड्यावर रंग तेव्हा गाडीचाच असायचा. आमच्या सांगाड्यावर, बॅटरीच्या बाजूच्या आतल्या कोनात, मूळचा निळा आहे, बारीक कणांचा. थेट करड्या प्रायमरवर. सांगाडा मूळचा आहे, फक्त त्याची पुढची चौकट बदललेली दिसते. तिथे बोल्टही वेगळ्या डोक्याचे आहेत आणि खाली तांबूस प्रायमर आहे. बॉनेट धरणारा छोटा सांगाडा हिलाच पुढून जोडलेला असतो, आणि नंबरही हिच्यावरच. तो नंबर पूर्वी कुणी तरी हाताने ठोकला आहे, आकडे एका रेषेत नाहीत. बॉडीची पट्टी, इंजिन आणि गिअरबॉक्स तिन्ही प्रमाणपत्राशी जुळतात, म्हणून गाडीच्या ओळखीबद्दल मला शंका नाही. पण हे सगळं फोटोंसह लिहून गाडीच्या फाइलमध्ये जाणार आहे. पुढे कुणी विकत घेताना वाकडे आकडे बघून घाबरू नये आणि विकणाऱ्याने ते सरळ करू नयेत.

---

निव्वळ_वाचक

मग आता बॉनेटचं काय करणार? भोकं उघडून बाहेरची कुलपं बसवली तर बॉनेट मूळ रूपात येईल ना? बॉनेट तर खरंच पाचशेतल्या एकाचं आहे.

---

उलटा_पाना

मालकांचा पहिला विचार हाच होता, आणि त्यात काही गैर हेतू नव्हता. आमचं बोलणं झालं. बॉनेट पाचशेतलं आहे, गाडी नाही. भोकं उघडली तर उद्या ही गाडी नंबराच्या थोडी पुढची असूनही बाहेरच्या कुलपांची म्हणून मिरवेल, आणि दहा वर्षांनी कुणीतरी हिचाच दाखला देऊन लिहील की बदल खरं तर अमुक नंबरला झाला. एका गाडीची चूक सगळ्या मालिकेच्या इतिहासात जाईल. त्यामुळे भोकं बुजवलेलीच राहणार. आतल्या बाजूने ते वेल्डिंग तसंच उघडं ठेवायचं, वरून रंग फक्त निळा. मालक राजी आहेत.

---

आप्पा_दादरकर

हे आवडलं. आणि मघाचं माझं बोलणं मागे घेत नाही, पण काम थांबवलंस ते बरं केलंस हेही म्हणतो.

---

रानजाई

एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. क्रीम गाडीचं काय झालं? तिचं बॉनेट इथे आहे, म्हणजे ती एकतर संपली किंवा ती आज कुठेतरी दुसऱ्याच बॉनेटने फिरते आहे. आमच्याकडे पोथीचं सुटं पान सापडलं की आधी पोथी शोधतो.

---

उलटा_पाना

शोध सुरू केला आहे. बॉनेट कॅलिफोर्नियातच बदललं असावं, म्हणून क्रीम गाडीही डाव्या स्टिअरिंगची आणि तिथलीच असण्याची शक्यता जास्त. रोडस्टर असेल तर ८७५००१ ते ८७५३८५ यांतली एक. कूपे त्या पट्ट्यात फक्त वीस, पण बॉनेट दोन्हींचं सारखंच असल्याने त्याही सोडता येत नाहीत. बॉनेटच्या आतल्या पट्टीवर खडूने लिहिलेला एक आकडा अर्धवट दिसतो आहे, शेवटचे दोन अंक ४ आणि ७ असावेत. तो बॉडीचा नंबर असू शकतो, तिरप्या उजेडात पुन्हा बघतो.

बंड्या, तुमच्या बाजूच्या क्लबांत विचाराल का? जन्माने क्रीम, बाहेरच्या कुलपांची, पण सध्या नव्याने बनवलेलं किंवा नंतरच्या गाडीचं बॉनेट असलेली. मालकाचं नाव इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा.

---

बे_एरियातला_बंड्या

शनिवारी इथे जॅग्वारवाल्यांचा मेळावा आहे. खडूच्या आकड्याचा फोटो त्याआधी पाठवा, प्रिंट काढून घेऊन जातो.